चिमटीच्या मापाचा पियानो

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं. घरात, गल्लीत आणि पुढे नोकरीच्या ठिकाणीही सगळे तिला चिमटी म्हणत. हे नाव ठेवलं तिच्या आईनं. आई हातमोज्यांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकानं हात पुढे केला की ती नुसत्या नजरेनं नंबर सांगायची, आणि मग गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून टेप लावून तोच नंबर पुन्हा सांगायची. बायकांच्या हातमोज्यांत सगळ्यात लहान नंबर सहा. चिमटी वीस वर्षांची झाली तरी तिला सहा नंबर ढगळ व्हायचा. तिचे हातमोजे लहान मुलांच्या खणातून यायचे आणि त्यांच्या मनगटावर बटणाऐवजी बदक असायचं. आई दर हिवाळ्यात ते बदक उसवून साधं बटण लावून द्यायची.

एवढ्याशा हातांच्या मुलीनं वेड लावून घेतलं ते नेमकं पियानोचं.

त्याला तशी आईच कारण झाली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर पियानो शिकवणारे एक सर राहायचे. शाळा सुटल्यापासून आईची सुट्टी होईपर्यंत पोरीला कुठंतरी टेकवायला हवं होतं. सर म्हणाले, बसू दे माझ्याकडे, मला काही अडचण नाही. महिनाभर चिमटी नुसती बसून राहिली. दुसऱ्या महिन्यात तिनं विचारलं की त्या डावीकडच्या जाड आवाजाच्या पट्ट्या एवढ्या लांब कशाला ठेवल्यात, हाताशी का नाही ठेवल्या. सर हसले आणि तिला स्टुलावर बसवलं.

सरांचा पंजा म्हणजे पंजाच होता. अंगठा एका पट्टीवर ठेवून त्यांनी करंगळी पसरली की मधल्या पट्ट्या धरून दहा पांढऱ्या पट्ट्या त्यात सहज मावायच्या. चिमटीच्या हातात सात मावायच्या. आठव्या पट्टीला तिची करंगळी कडेनं कशीबशी शिवायची, पण तेवढ्यात मधली बोटं भलत्याच पट्ट्यांवर लोळायची. लहानपणच्या धड्यांत त्याचं काही अडलं नाही. झरझर पळणाऱ्या सुरांत तिला गाठणं इतर मुलांना जड जायचं. अडलं ते मोठ्या कॉर्ड आल्यावर. चार-पाच सूर एकदम दाबायचे, तेही एकमेकांपासून दूर दूर असलेले. ते दाबायचे कशानं?

सतराव्या वर्षी तिनं संगीत महाविद्यालयाचा फॉर्म भरला. प्रवेश परीक्षेला जी रचना नेमलेली होती तिच्या दुसऱ्या पानावर अशा कॉर्डची रांगच लागलेली. सरांचा तिच्यावर जीव होता, आणि जीव असल्यामुळेच ते चुकले. ते म्हणाले, हात काही दगडाचा नसतो, रोज ताण दिला तर पसरतो. चिमटीनं ते मनावर घेतलं. बाटल्यांची बुचं बोटांच्या बेचक्यांत घालून ती बसमध्ये बसायची, वर्गात बाकाखाली हात धरून बसायची. आधी लहान बुचं, मग मोठी. दुखलं की तिला बरं वाटायचं, पसरतोय म्हणायची. परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना एका सकाळी तिला शाळेच्या सदऱ्याचं बटण लावता येईना. अंगठ्याच्या मुळाशी सूज आली होती. डॉक्टरांनी हात प्लास्टरमध्ये घातला आणि सहा आठवडे पियानोकडे बघायचंही नाही म्हणून बजावलं.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आई जिना चढून सरांकडे गेली. ती भांडायला गेली नव्हती. तिनं सरांना एवढंच सांगितलं, की हातमोज्याचं कातडं ओढून आपण थोडं वाढवतो, पण किती ओढायचं ते ठाऊक असावं लागतं, नाहीतर शिवण जाते. आणि हे तर तिचं स्वतःचं कातडं आहे.  टेबलावर ठेवलेला आपला दांडगा हात सरांनी हळूच खाली मांडीवर घेतला.

पुढच्या वर्षी चिमटी परीक्षेला गेली. तिथल्या एका परीक्षकानं तिला आधी नुसता हात पट्ट्यांवर पसरून दाखवायला सांगितला. तिनं दाखवला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मग वाजवायला सांगितलं, पण ती वाजवत असताना ते खिडकीबाहेर बघत होते. निकाल काय लागणार ते तिला तेव्हाच कळलं.

त्यानंतर तिला नाचाच्या शाळेत नोकरी लागली. दुसऱ्या मजल्यावर लांबलचक हॉल, एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीला हात धरायचा दांडा आणि कोपऱ्यात पियानो. नाच शिकवणाऱ्या बाई टाळ्या वाजवून मोजायच्या, मुली पाय उचलायच्या आणि चिमटी त्यांच्या पायांकडे बघत वाजवायची. कुणाचा पाय दमलाय हे तिला बाईंच्या आधी कळायचं, मग ती लय किंचित सैल सोडायची. बाईंच्या ते लक्षात यायचं पण त्या काही म्हणायच्या नाहीत. मोठ्या कॉर्ड तिथेही यायच्याच. त्यातले न पोचणारे सूर चिमटी पेन्सिलीनं खोडून टाकायची, आणि ती वही मिटून ठेवताना तिला चोरी केल्यासारखं वाटायचं.

वर्षातून दोनदा पियानो सुरात लावायला ट्यूनर यायचा. उंच, वाकून चालणारा, कुणाशी फारसं न बोलणारा तरुण होता. पियानोची पुढची फळी काढून तो आत डोकं घालायचा आणि दोन-दोन पट्ट्या दाबत तासन् तास कान लावून बसायचा. चिमटीच्या एक दिवस ध्यानात आलं, की इतक्या वेळा पियानो लावून झाल्यावर ह्यानं कधी एकही गाणं वाजवून बघितलं नाही. तिनं विचारलं, तेव्हा तो जरा ओशाळला. म्हणाला की आपल्याला वाजवता येत नाही, शिकायचं राहूनच गेलं.

त्याच दिवशी त्यानं तिची वही पाहिली. ती स्टँडवर उघडीच राहिली होती.

“हे सूर कुणी खोडले?”

“मी,” चिमटी म्हणाली आणि उत्तर म्हणून हात पुढे केला.

लोक तिचा हात बघून दोनच गोष्टी करायचे. हसायचे, नाहीतर चुकचुकायचे. ट्यूनरनं दोन्ही केलं नाही. त्यानं तिला वरच्या बाजूची एक पट्टी आवाज न करता हलकेच दाबून धरायला सांगितली. मग स्वतः डावीकडची एक जाड पट्टी जोरात वाजवून लगेच सोडली. खालचा आवाज थांबला आणि मागे एक बारीक सूर हॉलमध्ये तरंगत राहिला. चिमटीनं जी पट्टी नुसती धरली होती, तिचीच तार बोलत होती. तिला कुणी वाजवलं नव्हतं.

“खालचा सूर पक्का पडला की वरच्या तारा आपणहून बोलतात,” तो म्हणाला. “तुम्ही सगळं खोडा, पण तळाचा सूर कधी खोडू नका. आणि पायाखालचं पेडल उशिरा सोडा. ऐकणाऱ्याला काही कमी पडत नाही.”

कमी पडत नाही, हे वाक्य चिमटीला तिच्या हाताबद्दल त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. तिनं त्या रात्रीच सगळ्या वह्या काढल्या. तळाचा सूर आधी टाकायचा, पेडलवर धरून ठेवायचा आणि वरचे सूर हात सरकवून एकामागून एक उमलवायचे. कधी डाव्या हाताचा सूर उजव्यानं उचलायचा, कधी एकाच अंगठ्यानं दोन पट्ट्या दाबायच्या. वर्षभरात तिचं वाजवणं असं काही झालं, की पालकसुद्धा मुलींना घ्यायला आले की दारातच थबकायचे.

ट्यूनर मात्र त्यानंतर वर्षातून दोनदाऐवजी चारदा यायला लागला आणि पुढे दर महिन्याला. अखेर एकदा नाचाच्या बाईंनी चिमटीला बाजूला घेऊन विचारलं, की हा पियानो एवढा बेसूर होतो तरी कसा. चिमटी लाजून लाल झाली. त्या वर्षाखेरीस त्यांचं लग्न झालं. लग्नानंतरही ती त्याला ‘अहो ट्यूनर’ अशीच हाक मारायची, आणि त्यालाही ते आवडायचं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला. एका बंद पडलेल्या हॉटेलातला जुना उभा पियानो ट्यूनरनं मिळवला. तो जिन्यातून वर चढवताना सहा माणसांच्या नाकी नऊ आले आणि जिन्याच्या भिंतीचा एक टवका उडाला. मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनाही होतं, पण एकाचं वर आलं की दुसऱ्यानं सावरायचं, असं ते न ठरवताच करत गेले. पुढे आईचे गुडघे गेले, तिला दुकानाची नोकरी सोडावी लागली आणि तीही लेकीकडे राहायला आली. सासू आणि जावई दोघेही मापाची माणसं. भिंतीवरची तसबीर तिरकी आहे की नाही ह्यावर त्यांचं आठ-आठ दिवस चालायचं.

चिमटी अठ्ठेचाळीस वर्षांची असताना तिच्या हाताचं जुनं दुखणं पुन्हा उसळलं. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मोठमोठ्या कॉर्डची एक रचना होती, महिनाभर तिची तालीम चालली होती. कॉर्ड तोडून वाजवायची म्हणजे हाताला सतत इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात. सत्तावीस वर्षांच्या उड्या मनगटात साचल्या होत्या. डॉक्टरांनी दोन महिने रजा घ्यायला लावली.

एका संध्याकाळी आई तिच्या मनगटाला गरम पाण्याचा शेक देत बसली होती. ट्यूनर समोर खुर्चीत होता. आई आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “आम्ही दुकानात चौदा मापं ठेवायचो. सगळ्यांना एकाच मापाचे हातमोजे दिले असते तर लोकांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. ह्या पियानोवाल्यांना कुणी कसं विचारत नाही?”

चिमटी हसली. पियानोच्या पट्टीची रुंदी ठरलेली असते, जगात कुठेही जा, तेवढीच, असं तिनं आईला समजावलं.

“ठरवली कुणी?” आईनं विचारलं. “ज्याचा हात मोठा, त्यानं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता ट्यूनरनं सासूकडे तिचा टेप मागितला आणि चिमटीचा दुखरा नसलेला हात कागदावर पसरवून पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली.

त्याच्या डोक्यात जे होतं ते सांगायला सोपं होतं. पियानोच्या आतल्या तारा आणि हातोड्या आहेत तिथेच राहणार. पण समोरच्या पट्ट्या अरुंद करायच्या, प्रत्येक पांढरी पट्टी साडेतीन मिलिमीटरनं कमी. मग मागच्या टोकाला त्या हातोड्यांपर्यंत पोचाव्यात म्हणून त्यांना हातपंख्याच्या काड्यांसारखं पसरत न्यायचं. मधल्या पट्ट्या जवळपास सरळ, आणि कडेला जाल तशा जास्त जास्त तिरप्या. अशा अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. शहरातल्या एका सुताराकडे मोठं करवत यंत्र होतं आणि रविवारी त्याचा कारखाना बंद असायचा. ट्यूनर त्याचे रविवार मागून घ्यायला लागला.

चार वर्षं लागली. पहिल्या वर्षी फळ्या जोडून, रेघा मारून झालं आणि उन्हाळ्यात लाकूड वाकलं. सगळं टाकून द्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला कडेच्या तिरप्या पट्ट्या दाबायला जड जायला लागल्या, मग त्यांच्या पोटात शिसं भरून त्यांचा तोल साधावा लागला. दोन खोल्यांच्या घरात अठ्ठ्याऐंशी पट्ट्या लपवणार कुठे? त्या खिडकीत वाळायच्या, कपाटावर रांगेनं झोपायच्या. एकदा सतरा नंबरची पट्टी हरवली म्हणून दोन दिवस घर उलटंपालटं झालं, आणि ती सापडली सासूबाईंच्या उशीखाली. त्या म्हणाल्या, कड नीट घासलेली नव्हती, मी घासत होते. त्यांनी खरोखरच ती अशी गुळगुळीत केली होती, की ट्यूनरनं मुकाट्यानं बाकीच्या सत्त्याऐंशी त्यांच्यापुढे आणून ठेवल्या. त्या हिवाळ्यात सासू खिडकीशी बसून बारीक पॉलिश कागदानं पट्ट्या घासायची आणि जावयाला लाकूड कसं निवडावं ते शिकवायची, ज्यातलं तिला काडीचंही कळत नव्हतं.

चिमटी हे सगळं बघत होती. मनगट सुधारल्यावर ती पुन्हा शाळेत जायला लागली होती. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. आपल्याला मोठ्या कॉर्ड येत नाहीत ते हात लहान म्हणून, हे तिनं जन्मभर धरून ठेवलं होतं. पट्ट्या लहान झाल्या आणि तरीही आल्या नाहीत तर?

एका रविवारी सकाळी ट्यूनरनं जुना पट्ट्यांचा संच काढून पलंगाखाली सरकवला आणि नवा बसवला. दोन्ही कडांना नऊ-नऊ सेंटीमीटर जागा उरली, तिथे त्यानं काळे ठोकळे लावले. मग हात पुसले आणि बाजूला उभा राहिला. आईनं खुर्ची पुढे ओढून घेतली.

चिमटी बसली आणि वाजवायला लागली, आणि एकही सूर जागेवर पडला नाही. तिच्या हाताला चाळीस वर्षं अंतरं पाठ होती. तो ठरल्या जागी उडी मारायचा आणि तिथे भलतीच पट्टी असायची. नाचाच्या शाळेत झोपेतही वाजवता येईल अशी चाल तिच्याकडून पाच वेळा मोडली. सहाव्या वेळी ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

ट्यूनर मागे आला. म्हणाला, “उद्या जुन्या पट्ट्या परत बसवतो. त्यात काही नाही, तासाभराचं काम आहे.”

चार वर्षांचे रविवार त्यानं तासाभराच्या कामात गुंडाळून टाकले, हे ऐकून तिला भरून आलं. ती म्हणाली, “राहू देत. मला थोडे दिवस द्या.”

दहा दिवस तिनं लहान मुलांचे धडे वाजवले. अगदी पहिले, सरांनी शिकवलेले. अकराव्या दिवशी दुपारी ट्यूनर कामावर होता आणि आई आतल्या खोलीत पडली होती. चिमटीनं कपाटाच्या तळातून ती जुनी प्रवेश परीक्षेची रचना काढली. दुसरं पान उघडलं. अंगठा ठेवला, करंगळी पसरली. आठ पट्ट्या तिच्या हातात मावल्या, आणि मधली बोटं आपापल्या जागी शांत उभी राहिली. तिनं दाबलं. सगळे सूर एका क्षणी, एका दमात वाजले. तिनं पुढची कॉर्ड दाबली, मग त्यापुढची. पान संपेपर्यंत थांबली नाही. नवव्या पट्टीला डाव्या हाताची करंगळी नुसती कडेनं शिवली, पण शिवली.

आतून आईचा झोपेतला आवाज आला, “कोण आलंय गं? कोण वाजवतंय?”

“मीच आहे, आई,” चिमटी म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

पुढच्या महिन्याभरात एक गोष्ट झाली. ट्यूनरच्या कानातून काही सुटत नव्हतं. एका संध्याकाळी तो म्हणाला, की आता हात पुरतो, तरी तू काही कॉर्ड अजून तोडूनच वाजवतेस. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण काहीतरी दुखलेलं होतं. आपल्या पट्ट्या कुठे उण्या पडल्या का, असं त्याला विचारायचं होतं.

चिमटीनं त्याला शेजारी बसवलं आणि तीच ओळ दोन्ही तऱ्हांनी वाजवून दाखवली. “सगळे सूर एकदम आले की दार उघडल्यासारखं होतं,” ती म्हणाली. “कधी तसंच हवं असतं. पण इथे मला कुणीतरी जिना चढत येतंय असं हवंय. आधी मी तोडायचे कारण इलाज नव्हता. आता मला वाटतं म्हणून तोडते.”

ट्यूनरनं ती ओळ आणखी एकदा वाजवायला लावली. मग मान हलवली आणि चहा टाकायला उठला. त्यानंतर त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. नाचाच्या शाळेतला पियानो मोठाच होता, त्यामुळे चिमटीच्या हाताला रोज दोन मापांत ये-जा करावी लागायची. पण हात शिकला. घरी आलं की घरच्या चपला घालाव्यात तसं होतं, असं ती सांगायची.

मग तिच्याकडे मुली यायला लागल्या. तिनं कुठे पाटी लावली नव्हती, पण तोंडातोंडी कळलं. त्यात एका बसचालकाची मुलगी होती. वयानं तेरा, अंगानं नऊची वाटावी अशी, आणि वाजवताना जीभ दातांत धरणारी. तिला तिच्या आधीच्या शिक्षिकेनं सांगितलं होतं की मधल्या परीक्षेच्या पुढे तू जाऊ नकोस, पुढे मोठ्या हाताचं काम आहे. आईनं, म्हणजे चिमटीच्या आईनं, मुलीचा हात हातात घेऊन नुसत्या नजरेनं नंबर सांगितला आणि चिमटीकडे बघून म्हणाली, तुझ्यापेक्षा अर्ध्या नंबरानं मोठी आहे, उगाच लाड करू नकोस.

दोन वर्षांत मुलगी वरच्या परीक्षेसाठी तयार झाली. पण ती तयार झाली होती घरच्या पट्ट्यांवर, आणि परीक्षा होती संगीत परीक्षा मंडळाच्या हॉलमधल्या पियानोवर. चिमटीनं मंडळाला पत्र लिहिलं, की मुलीला अरुंद पट्ट्यांवर परीक्षा देऊ द्या. सर्वांना एकच वाद्य, असं एका ओळीचं उत्तर आलं. तिनं दुसरं पत्र लिहिलं, त्याला तेही आलं नाही. तेव्हा तिनं रजा काढली आणि स्वतः मंडळाच्या कचेरीत गेली.

सचिव सभ्य होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि नियम वाचून दाखवला. चिमटीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, की परीक्षेला आलेल्या बुटक्या मुलांना तुम्ही स्टूल उंच करून देता ना? पेडलपर्यंत पाय पोचत नाहीत त्यांच्या पायांखाली फळी ठेवता ना? सचिव म्हणाले, अर्थातच.

“मग ही फळीच आहे,” चिमटी म्हणाली. “हाताखालची.”

सचिवांनी तिच्या हातांकडे पाहिलं. तिनं ते मुद्दाम टेबलावर पसरून ठेवले होते. लहानपणापासून हात लपवायची सवय असलेल्या बाईला ते किती जड गेलं असेल, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते म्हणाले की हॉलमधला पियानो उघडून पट्ट्या बदलायची परवानगी मी देऊ शकत नाही. मग नियमांचं पान उलटून म्हणाले, पण आजारी विद्यार्थ्यांच्या घरी परीक्षक जातात, तशी एक सोय आहे. विद्यार्थिनी आजारी नाही, पण घर तर आहे.

ठरलेल्या दिवशी सकाळी तीन परीक्षक तिसरा मजला चढून धापा टाकत आले. दोन पुरुष आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई. घरात खुर्च्या दोनच. एक आईनं अडवलेली, ती काही उठेना. शेवटी तिघेही पलंगाच्या कडेवर ओळीनं बसले, मांडीवर कागद घेऊन. बसचालक गणवेशातच आला होता, तो दारात उभा राहिला. ट्यूनर जिन्यात जाऊन बसला. त्याला आत बसवेना.

मुलीनं छान वाजवलं असं म्हणता येणार नाही. पहिल्या रचनेत ती घाबरून भलतीच पळत सुटली आणि एक भाग परत वाजवायचा होता तो विसरून पुढे गेली. खालून कुणाच्या तरी गाडीचा भोंगा वाजला. पण दुसऱ्या रचनेत तिची जीभ दातांत गेली, खांदे खाली आले, आणि ती रुंद कॉर्ड आली तेव्हा तिनं ती अशी सहज घेतली, की परीक्षकांपैकी एकानं वर बघितलंच नाही. त्याला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. चिमटी भिंतीला टेकून उभी होती. तिला त्याचाच सगळ्यात जास्त आनंद झाला.

मुलगी पास झाली. मार्क बेताचे पडले, विसरलेल्या भागाचे कापले गेले, आणि त्याबद्दल चिमटीनं तिला पुढच्याच तासाला चांगली फैलावर घेतली. मंडळानं पुढे नियमात एक ओळ घातली की नाही, ते काही वर्षं कुणाला नक्की कळलं नाही. पण दरवर्षी एक-दोन मुलींसाठी परीक्षक तो जिना चढत राहिले, एवढं खरं.

त्या पहिल्या दिवशीचं मात्र थोडं राहिलं. परीक्षा संपली, चहा झाला, दोघे परीक्षक टोप्या घालून खाली उतरले. पांढऱ्या केसांच्या बाई मागे रेंगाळल्या. आधी त्यांनी आईशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग पियानोजवळ गेल्या, काळ्या ठोकळ्यावरून बोट फिरवलं आणि चिमटीकडे न बघता म्हणाल्या, “मी जरा बसू का?”

चिमटीनं स्टूल पुढे सरकवलं. बाईंनी बोटातली अंगठी काढून कागदांवर ठेवली आणि हात पट्ट्यांवर आणले. चिमटीनं ते हात तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. आईनं आपल्या खुर्चीतून ते केव्हाच पाहिले होते.

“साडेपाच,” आई हळूच म्हणाली.

बाई आधी चुकल्या, सगळेच चुकायचे. मग थांबल्या, श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. खाली दोघे परीक्षक त्यांच्या नावानं हाका मारत होते. ट्यूनर जिन्यातून उठून दारात आला आणि कान देऊन उभा राहिला. चिमटीनं जाऊन खिडकी लावून घेतली.